कळतं, पण वळत नाही

रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात मुरुड नावाचं गाव आहे. जंजिऱ्याचं मुरुड वेगळं, ते रायगडमध्ये. धोंडो केशव कर्वे दापोलीजवळच्या या मुरुडमध्ये वाढले. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं आणि गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा तेव्हा ३७ वर्षांचा झाला होता. म्हणजे माहितीची कमतरता नव्हती. अडत होतं ते दुसरीकडेच कुठेतरी.

धोंडो केशवांचा थोरला मुलगा रघुनाथ तेव्हा ११ वर्षांचा होता. पुढे हेच र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक झाले. संततिनियमनाचा उघड प्रचार केल्यामुळे त्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. १९२१मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं, तर जुलै १९२७मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक. पत्नी मालतीबाई सोबत होत्या. १९५३मध्ये कर्वे गेले, तोवर हे मासिक त्यांनी चालवलं.

‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचकांचे लैंगिक प्रश्न छापले जात आणि कर्वे त्यांना उत्तरं देत, सडेतोड आणि आडपडदा न ठेवता. या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४मध्ये त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. विषय लैंगिक आहे म्हणून मजकूर आपोआप अश्लील ठरत नाही, अशी त्यांची भूमिका होती. कर्वे खटला हरले, त्यांना दंड झाला. मासिक मात्र बंद पडलं नाही.

कर्व्यांची श्रद्धा ज्ञानावर होती. लोकांना शास्त्रीय माहिती द्या, भीती जाईल, हा त्यांचा सरळ हिशोब. सुरुवातीला व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉईडलाही काहीसं असंच वाटत होतं. रुग्ण जे विसरलाय ते त्याला सांगून टाकलं की आजार जाईल! पण तसं होईना. १९१०मधल्या एका लेखात त्याने एक प्रसंग दिलाय. नवऱ्यापासून वेगळी झालेली, चाळिशी उलटलेली एक बाई भीतीने बेजार होती. एका तरुण डॉक्टरने तिला सांगितलं, हे सगळं शरीरसुख न मिळाल्यामुळे होतंय. वर तीन उपायही सुचवले: नवऱ्याकडे परत जा, प्रियकर शोधा, नाहीतर स्वतःच स्वतःचं समाधान करा. बाई आणखीनच घाबरली आणि फ्रॉईडकडे आली. त्यावर फ्रॉईडचं म्हणणं असं, की मनाने जे दाबून ठेवलंय त्याची नुसती माहिती देणं म्हणजे दुष्काळात भुकेल्यांना खाद्यपदार्थांची यादी वाटणं.

यादीत चूक नसते. पण यादीने पोट भरत नाही.

पुढे फ्रान्समध्ये जाक लकाँने हा फरक ठळक केला. ज्ञान आणि सत्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्ञान सगळ्यांसाठी सारखं असतं. ते छापता येतं, एकाकडून दुसऱ्याला देता येतं. मनोविश्लेषणातलं सत्य मात्र ज्याचं त्याचं असतं. ते बोलताना चुकून निसटलेल्या शब्दात दिसतं, स्वप्नात दिसतं, पुन्हापुन्हा विचारलेल्या त्याच प्रश्नात दिसतं. आणि लकाँच्या मते ते कधीच पूर्ण सांगून होत नाही.

समजा, एका मुलाने विचारलं, ‘हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो का?’ उत्तर आहे, ‘नाही.’ हे झालं ज्ञान. ते त्याला मिळायलाच हवं. पण दोन महिन्यांनी त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर? मग प्रश्न शरीराचा उरलेला नाही. त्याला कदाचित विचारायचंय, ‘मी वाईट मुलगा आहे का?’ किंवा आणखी काही, जे अजून त्यालाच सापडलेलं नाही. ते दुसऱ्याने अचूक ओळखून सांगितलं तरी उपयोग होईलच असं नाही. ते त्याच्या तोंडून यावं लागतं, आणि त्यासाठी ऐकणारं कुणीतरी लागतं.

मग कर्वे चुकले का? मुळीच नाही. नुसती माहिती छापली म्हणून जिथे दंड होतो, तिथे मनातलं बोलायची हिंमत कोण करणार? आधी ज्ञानाची वाट मोकळी व्हायला हवी होती, आणि ती करण्यात कर्व्यांनी आयुष्य घालवलं. शिवाय त्या सदरात माहितीपलीकडचंही काहीतरी घडत होतं. घरात ज्याचा उच्चारही करता येत नाही असं वाक्य माणसं कागदावर लिहीत होती आणि पोस्टात टाकत होती. कर्व्यांच्या उत्तरात ज्ञान होतं. सत्याची सुरुवात मात्र त्या प्रश्नात होती, तो लिहायला घेतला तेव्हाच.

आज उत्तरासाठी पुढच्या महिन्याच्या अंकाची वाट बघावी लागत नाही. फोनवर दोन सेकंदांत दहा उत्तरं येतात, आणि त्यातली बरीचशी बरोबरही असतात. तरी रात्री दीड वाजता आपण तोच प्रश्न शब्द बदलून पुन्हा टाईप करतो. चौथ्यांदा टाईप करताना जरा थांबून बघा. माहिती तर पहिल्याच वेळी मिळाली होती. आता उत्तर शोधण्यापेक्षा तो प्रश्न कुणासमोर तरी मोठ्याने बोलायची गरज असेल. मित्र असो, मोठी बहीण असो, की समुपदेशक. पण मध्येच न तोडता ऐकून घेणारं कुणीतरी हवं.