धरून ठेवण्याची विद्या

विहीर म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें ती खणणारा माणूस उभा राहतो. कुदळ, पहार, सुरुंग, दोरानें वर ओढली जाणारी मातीची पाटी आणि अखेरीस दगडाच्या भेगेंतून आलेली पाण्याची पहिली धार, हें चित्र आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलें आहे. विंधन विहिरीनें या चित्रांतून माणसाला बाहेर काढिलें. वीतभर रुंदीच्या छिद्रांत कोणासही उतरतां येत नाहीं; तेथें उतरतें तें लोखंड, आणि लोखंड उतरावयाचें तर तें वरून कोणीतरी धरून ठेविलें पाहिजे. खोल विंधनाच्या इतिहासांत खडक कसा फोडला याचें वर्णन पुष्कळ आढळतें. परंतु तो इतिहास वाचतांना आमची अशी खात्री होत गेली कीं, या विद्येंतील खरी अडचण फोडण्याची नव्हे, धरण्याची होती. आणि जे प्रसंग माणसांच्या जिवावर किंवा विहिरीच्या मुळावर आले, ते बहुधा हात सुटल्याचे प्रसंग होते.

ही अडचण कशी उत्पन्न होते तें आधीं पाहूं. छिद्राच्या भिंती ढांसळूं नयेत म्हणून आंत पोलादी नळी बसवितात. नळीचा एक तुकडा सहा मीटर लांबीचा धरिला, तर शंभर मीटर खोलीसाठीं सतरा तुकडे एकमेकांस जोडावे लागतात. पहिला तुकडा आंत सोडला, त्याच्या डोक्यावर दुसरा आट्यांनीं बसविला, मग तिसरा, असा हा क्रम चालतो. पण नवा तुकडा उचलण्यासाठीं कप्पीचा आंकडा मोकळा करावा लागतो, आणि तेवढा वेळ खालची सगळी माळ छिद्राच्या तोंडाशीं अधांतरीं लोंबत ठेवावी लागते. सहा इंची नळीची भिंत पांच मिलिमीटर जाड असेल, तर दर मीटरास सुमारें वीस किलो वजन होतें. म्हणजे शंभर मीटरांस दोन टन झाले. छिद्रांत पाणी असल्यास त्यांतून सुमारें अष्टमांश उणा होतो, इतकाच काय तो दिलासा. पहिला तुकडा दोघे गडी हातांनीं पेलतील. सोळाव्या सांध्याच्या वेळीं तेथें हाताचें कांहीं काम नाहीं. काम तेंच, कृति तीच, आणि धोका मात्र प्रत्येक सांध्यागणिक वाढत जातो. सवयीनें निष्काळजी होणाऱ्या मनुष्यस्वभावाला याहून वाईट परीक्षा दुसरी नसेल.

या विद्येचे पहिले मोठे पंडित चिनी होते. सेचवान प्रांत समुद्रापासून दूर. तेथें मीठ मिळवावयाचें तें जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यांतून. अकराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तेथें वाडग्याच्या तोंडाएवढ्या रुंदीच्या, पण अतिशय खोल अशा विहिरी पाडण्याची रीत रूढ झाली. सू शी या विख्यात चिनी कवीनें आपल्या एका टिपणांत या विहिरींचें वर्णन केलेलें आहे. गांठी काढलेले मोठे बांबू एकास एक जोडून त्यांची नळी आंत सोडीत, म्हणजे बाजूचें गोडें पाणी खाऱ्यांत मिसळत नसे. आणि तळाशीं चामड्याची झडप लावलेला लहान बांबू आंत सोडून खारें पाणी वर काढीत. फोडण्याचें अवजार लोखंडाचें होतें, पण तें टांगलेलें असे बांबूच्या कामट्यांच्या वळलेल्या दोरावर. या दोराची थोरवी सहज ध्यानांत येत नाहीं. तो हलका असल्यामुळें विहीर खोल गेली तरी वर धरावयाचें ओझें त्या मानानें थोडेंच वाढे. याच रीतीनें तेथील च्झकुंग या ठिकाणीं शेन्हाय नांवाची विहीर १८३५ मध्यें एक हजार मीटरांहून खोल गेली. वाफेचें यंत्र नाहीं, पोलादी तार नाहीं. तरफेच्या फळीवर माणसें पाय देत आणि अवजार उचलून आपटीत, एवढाच काय तो सरंजाम! तरीहि दोर तुटे, अवजार अडके; आणि तें पुन्हां धरून वर काढण्यासाठीं त्या लोकांनीं नाना तऱ्हेचे आंकडे व चिमटे निर्माण केले होते. ज्यांनीं धरण्याची विद्या साधिली, त्यांना सुटलेलें पुन्हां धरण्याची विद्याहि शिकावी लागली.

यूरोपांत मात्र दोराऐवजीं लोखंडी दांड्यांकडे कारागिरांचा ओढा होता. दांड्यांनीं अवजार केवळ आपटतां येतें असें नाहीं, तें फिरवितांहि येतें. पण दांडा जितका लांब तितका जड. आणि त्याचें ओझें धरणाराची कसोटी पॅरिस शहरांत लागली.

ती कथा अशी. पॅरिस शहर एका प्रचंड बशीच्या मध्यावर वसलेलें आहे. वर खडूचा जाड थर, त्याखालीं हिरवट वाळूचा; आणि या वाळूच्या कडा दूरवर उंच प्रदेशांत उघड्या पडलेल्या आहेत. तेथें मुरलेलें पावसाचें पाणी शहराच्या खालीं दाबाखालीं कोंडलेलें असणार, छिद्र पडतांच तें आपोआप वर येईल, असें शास्त्रज्ञांचें अनुमान होतें. आणि फ्रांस्वा आरागो या थोर ज्योतिर्विदानें त्याचा आग्रहानें पुरस्कार केला. ग्रनेल येथील कत्तलखान्याच्या आवारांत म्युलो या कारागिरानें १८३३ च्या अखेरीस कामाला आरंभ केला. मे १८३७ मध्यें छिद्र ३८० मीटरांवर असतां दांड्यांची माळ तुटली, आणि अवजारासह सुमारें ऐंशी मीटर दांडे तळाशीं कोसळले. ते काढल्यावांचून पुढें जाणें शक्य नव्हतें. वीतभर छिद्र, चारशें मीटरांचा अंधार, आणि त्यांत वेडेंवांकडें रुतलेलें कित्येक टन लोखंड! तें तुकड्यातुकड्यांनीं वर काढण्यास ऑगस्ट १८३८ उजाडला. एका क्षणीं सुटलेलें परत हातीं येण्यास सवा वर्ष लागलें. १८४० मध्यें अवजार पुन्हां निसटलें आणि पुन्हां कांहीं महिने गेले. शहरांत टवाळी होत होती, पैसा जात होता. पण २६ फेब्रुवारी १८४१ रोजीं सुमारें ५४८ मीटरांवर दांडे एकाएकीं कांहीं मीटर खालीं गेले, आणि थोड्याच वेळांत सुमारें २८ अंश उष्णतेचें पाणी उसळून वर आलें. आरागोचें अनुमान खरें ठरलें. परंतु त्या अनुमानाला सात वर्षें वाट पाहावी लागली, त्यांतील बराचसा काळ खडकानें खाल्ला नव्हता. तो सुटलेल्या लोखंडानें खाल्ला होता.

अशा अपघातांचें कारण जर्मनींतील खाणीच्या तज्ज्ञांनीं शोधून काढिलें. दांड्यांची सगळी माळ अवजाराबरोबर आपटली जाई, आणि प्रत्येक आघाताचा हिसका माळेच्या प्रत्येक सांध्यास बसे. १८३४ च्या सुमारास ओयनहाउझेन यानें अवजार व दांडे यांच्यामध्यें सरकता सांधा घातला. पुढें किंट यानें अवजार वर उचलून मोकळें सोडून देण्याची युक्ति काढिली. त्यामुळें आपटे तें केवळ अवजार. वरचे दांडे शांतपणें ताणांत लोंबत राहत. धरलेल्या वस्तूस हिसका बसूं द्यावयाचा नाहीं, हा नियम तेव्हांपासून या धंद्यांत स्थिर झाला. त्याच किंटनें १८५५ मध्यें पॅरिसमधील पासी येथें दुसरी, बरीच रुंद विहीर घेतली. १८५७ मध्यें ती पांचशें मीटरांहून खोल गेली असतां वरच्या मातीच्या थरांत लोखंडी पत्र्याची नळी बाजूच्या दाबानें चेपून गेली, आणि काम कित्येक वर्षें मागें पडलें. पाणी लागलें तें सप्टेंबर १८६१ मध्यें, सुमारें ५८६ मीटरांवर. नळी वरून कितीहि घट्ट धरिली, तरी तिच्या अंगीं स्वतःचें बळ नसेल तर तें धरणें फुकट, हा पासीचा धडा होय.

आतां ज्या युक्तीनें आज जगभर लोंबत्या नळ्या धरल्या जातात, ती युक्ति पाहूं. ती अगदीं जुनी आहे. सुताराच्या पेटींत ती सांपडते. ती म्हणजे पाचर. छिद्राच्या तोंडाशीं एक भक्कम कडें बसवितात; त्याचें पोट वर रुंद व खालीं निमुळतें असतें. त्यांत नळीच्या भोंवतीं दांतेरी पाचरा सोडतात. नळी खालीं जाऊं लागली कीं ती दांतांना आपल्याबरोबर खालीं ओढते. कडें निमुळतें असल्यामुळें पाचरा आंत दाबल्या जातात आणि नळीला अधिकच आवळतात. ओझें जितकें अधिक, पकड तितकी घट्ट. ज्या वजनाचें भय वाटावें, त्यालाच राखणदार नेमणारी ही युक्ति आम्हांस फार मनोहर वाटते.

पण राखणदारावरहि नजर ठेवावी लागते. दांत झिजले असले, नळीला चिखल किंवा वंगण लागलेलें असलें, कीं पाचर दांत रोवण्याआधींच घसरते. नळी पातळ असेल तर तीच पकड तिला चेपून टाकते. खालीं सरकत असलेल्या नळीवर पाचरा टाकल्या तर हिसका बसतो. म्हणून नळी आधीं पूर्ण थांबवावी, पाचरा बसवाव्या, आणि मग ओझें हळूहळू त्यांजवर सोडावें. ज्या नळीच्या डोक्याशीं उंचवटा नाहीं, तिला पाचरांच्या वर आणखी एक शिकंजा आवळतात. पाचर सुटलीच तर तो शिकंजा कड्यावर अडकून राहतो. एका आधारावर विसंबूं नये, आणि दुसरा आधार खरोखर बसल्याची खात्री झाल्यावांचून पहिला सोडूं नये, एवढेंच या शास्त्राचें सार आहे.

हें सार आम्हांस पुस्तकांत कळण्यापूर्वीं मराठवाड्यांतील एका खेड्यांत ऐकावयास मिळालें होतें. हातपंपाची दुरुस्ती चालली होती. नळ्या एकेक करून वर येत होत्या. हाताखालचा पोरगा वरची नळी उलगडण्यास अधीर झाला होता. खालची त्यानें दोन्हीं हातांनीं कवटाळली होती.

“मामा, धरलीय मी घट्ट,” तो म्हणाला.

“तू धरलीस म्हणून काय झालं?” म्हातारा कारागीर म्हणाला. “शिकंजा बसला का, ते आधी बघ. अन् हात काढ तिथनं.”

पोरगा वरमला, शिकंजा एक आटा सैल होता. आम्हीं मागाहून हिशेब केला. तीस मीटर नळी, तिच्यांतील पाणी आणि आंतली सळई मिळून सुमारें दीडशें किलो ओझें त्या पोराच्या हातांत राहणार होतें. तें सुटलें असतें तर त्याच्या बोटांचें काय झालें असतें तें सांगावयास नको. आणि वांकलेल्या नळ्यांनीं छिद्र बुजून त्या उन्हाळ्यांत गांवाचें पाणीहि गेलें असतें.

हा पंप त्या खेड्यांत कसा आला, ही हकीकत महाराष्ट्रास अभिमानास्पद आहे. १९७२ च्या दुष्काळांत दख्खनच्या काळ्या खडकांत यंत्रांनीं विंधन विहिरी घेण्यास मोठी चालना मिळाली. पाणी लागलें, पण त्यांवर बसविलेले बिडाचे पंप भराभर मोडूं लागले. ते एका घरापुरते होते, गांवापुरते नव्हते. जालना व सोलापूर येथील मिशनच्या मंडळींनीं व कारागिरांनीं पोलादाचे दणकट पंप घडविले. सोलापुरी पंपाचाच आधार घेऊन युनिसेफच्या साहाय्यानें ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप सिद्ध झाला आणि पुढें तो अनेक देशांत गेला. त्याचा दोष एकच होता: तळाशीं असलेली चामड्याची वाटी झिजली कीं ती बदलण्यासाठीं सगळी नळी वर काढावी लागे, म्हणजे दर दुरुस्तीस तेंच लोंबतें ओझें, तेच शिकंजे आणि तोच धोका. म्हणून १९८० नंतरच्या दशकांत कोइमतूरच्या परिसरांत प्रयोग होऊन ‘मार्क तीन’ निघाला. त्याची नळी इतकी रुंद ठेविली कीं दट्ट्या तिच्या पोटांतूनच वर ओढून घेतां यावा. नळी अधिक जड झाली, महाग झाली, फार खोल विहिरीस ती सोयीची राहिली नाहीं. पण ती वारंवार उचलण्याचें कारण उरलें नाहीं. धरण्याची विद्या पुष्कळ सुधारली, आणि तिच्यांतील शेवटची सुधारणा ही कीं, धरण्याचा प्रसंगच शक्य तितका कमी यावा.

तो प्रसंग अजिबात मात्र कधींच टळत नाहीं. दुरुस्ती आटोपून मंडळी निघून जातात, बायका घागरी घेऊन येतात, पंपाची दांडी वरखालीं होऊं लागते. त्या वेळींहि तीस मीटर लोखंड पंपाच्या पेटीखालच्या एका आटेदार तोंडाला लोंबत असतें, रात्रंदिवस, वर्षानुवर्षें. पुन्हां कधीं पंपावर पाणी भरतांना वाचकांस त्या आट्यांची आठवण झाली, तर ते आटे जुळेपर्यंत ज्यांनीं ती नळी सांभाळून धरिली, त्यांचीहि होईल, अशी आम्हांस आशा आहे.