पहिल्या धड्यातली जपानी: वर्णमाला, ‘देसु’ आणि पाहुणा

या मालिकेत आपण बहुतेक वेळा राजे, तह, लढाया यांच्याबद्दल बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. पर्यटन शिकणाऱ्या मुलामुलींना जपानी भाषेची जी तोंडओळख करून दिली जाते, तिच्या पहिल्या काही धड्यांमागचा इतिहास आज पाहायचा आहे.

आता तुम्ही म्हणाल, ‘नमस्कार’, ‘धन्यवाद’, ‘तिकीट कुठे मिळेल’ एवढं शिकायला इतिहास कशाला? कारण असं की, या वर्गांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘जपानी लोक मुळातच नम्र असतात, म्हणून त्यांची भाषा अशी आहे.’ वाक्य सोयीचं आहे, पण त्याने एका अख्ख्या समाजाचं व्यंगचित्र होतं. आणि आपला विद्यार्थी असं समजून बसतो, की वाकून हसत राहिलं की झाली जपानी. आमचं म्हणणं असं, की पहिल्या धड्यातली जपानी कोणाच्या जन्मजात स्वभावातून आलेली नाही. ती माणसांनी वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांसाठी घडवली आहे. तीन गोष्टी घेऊन हे पाहू.

पहिली गोष्ट अक्षरांची. वर्गात फळ्यावर पहिल्यांदा काय लिहिलं जातं? आ, इ, उ, ए, ओ. मग का, कि, कु, के, को. मराठी माध्यमातली मुलगी हे ऐकून लगेच म्हणते, ‘अहो, ही तर बाराखडी झाली!’ तिचं म्हणणं अगदी बरोबर आहे. आपल्या स्वरांमधून दीर्घ स्वर आणि ऐ, औ वगळा. उरतं ते अ, इ, उ, ए, ओ. व्यंजनांच्या ओळी पाहा: का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपल्या वर्णमालेत क-वर्गानंतर च-वर्ग येतो, जपानीत तिथे ‘सा’ आहे. आपल्याकडे प-वर्ग येतो तिथे ‘हा’ आहे. असं का? बहुतेक भाषाभ्यासक मानतात, की प्राचीन जपानीत आजच्या ‘सा’चा उच्चार ‘च’च्या, म्हणजे आपल्या ‘चमचा’तल्या ‘च’च्या जवळचा होता आणि ‘हा’च्या जागी ‘पा’ होता. उच्चार पुढे बदलले, पण जागा तीच राहिली.

हा योगायोग नाही. बौद्ध धर्म चीन आणि कोरियामार्गे जपानला पोहोचला, त्याच्याबरोबर संस्कृत मंत्र आणि ते लिहिण्याची सिद्धम् लिपीही गेली. बोधिसेन नावाचे भारतीय भिक्षू इ.स. ७३६ मध्ये जपानला पोहोचले, आणि ७५२ मध्ये नारा इथल्या तोदाइ-जी मंदिरातल्या महाबुद्धाच्या नेत्रोन्मीलनाचा विधी त्यांच्या हस्ते झाला. पुढे कूकाइ हा जपानी भिक्षू चीनमध्ये संस्कृत शिकून ८०६ मध्ये परतला. मंत्रांचा उच्चार चुकू नये म्हणून जपानी भिक्षूंनी सिद्धम् अक्षरांचा पिढ्यान् पिढ्या अभ्यास केला, आणि त्या अभ्यासातून स्वतःच्या भाषेतल्या ध्वनींचीही मांडणी केली. तीच ही ‘गोजूओन’, म्हणजे पन्नास ध्वनींचा तक्ता. सामान्य व्यवहारात मात्र कितीतरी शतकं ‘इरोहा’ नावाचा वेगळाच क्रम चालत असे. गोजूओनने त्याची जागा घेतली ती आधुनिक काळात. १८८९ ते १८९१ दरम्यान आलेला ‘गेन्काइ’ हा मोठा शब्दकोश याच क्रमाने लावलेला आहे.

याचा वर्गात उपयोग काय? देवनागरी येणाऱ्या विद्यार्थ्याला हा तक्ता पाठ करायला फारसे कष्ट पडत नाहीत. त्सुनामीतला ‘त्सु’ आपल्या ‘चूक’ शब्दातल्या ‘च’चा शेजारी आहे. ‘देसु’ असं लिहायचं आणि ‘देस्’ असं म्हणायचं, याचंही नवल नाही. आपणही ‘राम’ लिहितो आणि ‘राम्’ म्हणतो. अडचण येते ती ऱ्हस्व-दीर्घाची. मराठी लिहिताना आपण त्याची काळजी करतो, बोलताना सोडून देतो. जपानीत ते चालत नाही. ‘ओबासान’ म्हणजे काकू किंवा मावशी, आणि ‘बा’ लांबवला की होते आजी. चाळिशीतल्या पाहुणीला चुकून आजी म्हटलं, तर पुढची सहल कशी जाईल ते तुम्हीच ठरवा.

दुसरी गोष्ट ‘देसु’ आणि ‘मासु’ची. विद्यार्थ्याला पहिलं वाक्य शिकवतात: ‘वाताशि वा जोशी देसु’, मी जोशी आहे. क्रियापदं शिकवतात तीही ‘मासु’ लावून. ही झाली सभ्य, सर्वांशी चालणारी भाषा. ती जणू अनादी काळापासून जपानभर बोलली जाते, असा समज होतो. वस्तुस्थिती काय आहे? १८६८ मध्ये मेइजी राजवट सुरू झाली, तेव्हा उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या माणसांना एकमेकांचं बोलणं समजणं अवघड होतं. लिखाणाची भाषा वेगळी, बोलण्याची वेगळी. लेखकांनी दोन्ही जवळ आणायचा प्रयत्न चालवला होता. १८९४ मध्ये जर्मनीहून परतलेले भाषाशास्त्रज्ञ उएदा काझुतोशी यांनी एक राष्ट्र, एक भाषा असा आग्रह धरला. १९०२ मध्ये सरकारने राष्ट्रभाषेसाठी अभ्यास समिती नेमली, आणि १९०४ पासून देशभरच्या प्राथमिक शाळांत सरकारी पाठ्यपुस्तकं आली. त्यातली भाषा कोणती? तोक्योतल्या सुशिक्षित मध्यमवर्गाची. आपल्याला हे ओळखीचं वाटेल. १८३१ चा मोल्सवर्थचा कोश, पुढे मेजर कँडी यांच्या देखरेखीखालची शालेय पुस्तकं, आणि पुण्याकडच्या शिष्ट बोलीला मिळालेलं प्रमाणपद, हा प्रवास आपण याच मालिकेत पाहिला आहे.

पण या गोष्टीची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. ओकिनावा बेटांवर पूर्वी रयूक्यू नावाचं स्वतंत्र राज्य होतं. ते १८७९ मध्ये जपानने पूर्णपणे आपल्यात सामील करून घेतलं. तिथल्या शाळांमध्ये घरची भाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. तिचं नाव ‘होगेन-फुदा’, बोलीची पाटी. दुसरं मूल तसंच बोलताना सापडलं की पाटी त्याच्या गळ्यात. म्हणजे मुलांनीच एकमेकांवर पहारा ठेवायचा. दुसऱ्या महायुद्धानंतरही ही प्रथा काही शाळांत चालू होती. आपण जे शुद्ध, गोड ‘देसु-मासु’ घोकतो, त्याच्या प्रसारात ही पाटीसुद्धा आहे. म्हणून ओसाकाच्या एखाद्या आजोबांनी ‘आरिगातो’ऐवजी ‘ओओकिनि’ म्हटलं, तर आपल्या मार्गदर्शकाने ‘हे पुस्तकात नाही’ असा चेहरा करू नये. तोही धन्यवादच आहे, त्यांच्या गावचा.

सन्मानाच्या भाषेचंही असंच. युद्धानंतर, १९५२ मध्ये जपानच्या राष्ट्रभाषा परिषदेने एक शिफारस केली. जुन्या दरबारी, अति आदराच्या भाषेपेक्षा परस्परांचा मान ठेवणारी साधी भाषा वापरावी, आणि ‘देसु-मासु’ हा तिचा पाया असावा, असा तिचा रोख होता. लोकशाहीत माणसांनी एकमेकांशी कसं बोलावं, हा त्यामागचा प्रश्न होता.

इथे मराठी विद्यार्थ्याची एक ठरलेली चूक सांगायला हवी. आपण म्हणतो, ‘आमचे साहेब आत्ता येतील हं.’ साहेबांचा मान आपण पाहुण्यासमोरही राखतो. जपानीत हे उलटं आहे. बाहेरच्या माणसाशी बोलताना आपल्या कंपनीचा साहेबसुद्धा ‘आतला’ ठरतो, म्हणून त्याच्या नावापुढचं ‘सान’ गळतं आणि त्याच्यासाठी क्रियापदही नम्रतेचं येतं. स्वतःच्या नावापुढे तर ‘सान’ कधीच लावायचं नाही. ‘मी जोशी-सान’ म्हणणं म्हणजे ‘मी जोशीसाहेब बोलतोय’ म्हणण्यासारखं. थोडक्यात, मान कोणाला द्यायचा हे हुद्द्यावर तर ठरतंच, पण समोर कोण आहे आणि आपण कोणाच्या बाजूने बोलतोय, यावरही ठरतं.

तिसरी गोष्ट पाहुण्याची. आपल्याला वाटतं, जपानी माणूस पूर्वीपासून जगभर कॅमेरा घेऊन फिरतोय. पण युद्धानंतर कितीतरी वर्षं साध्या जपानी नागरिकाला मौजेसाठी परदेशी जाता येत नव्हतं, कारण देशाकडे परकीय चलनच नव्हतं. ही परवानगी १ एप्रिल १९६४ रोजी मिळाली, तीही वर्षातून एकदा आणि सोबत पाचशे डॉलरपर्यंतच. पुढे १९८५ नंतर येन महागला, परदेश स्वस्त झाला. १९८७ मध्ये तर सरकारनेच परदेशी जाणाऱ्यांची संख्या पाच वर्षांत दुप्पट करून एक कोटीवर न्यायची योजना आखली. ती १९९० मध्येच पूर्ण झाली. आपल्याकडच्या पर्यटन व्यवसायाला जपानी बोलणाऱ्या मार्गदर्शकांची गरज वाटू लागली, त्याला ही पार्श्वभूमी आहे. आता उलटा प्रवाहही आहे. पुण्या-मुंबईहून साकुरा पाहायला जाणाऱ्या सहली निघतात, आणि त्यांच्या टूर मॅनेजरलाही हीच भाषा लागते.

या व्यवसायात एक वाक्य फार फिरतं: ग्राहक म्हणजे देव. जपानमध्ये ते लोकप्रिय झालं गायक मिनामी हारुओ यांच्यामुळे, १९६० च्या दशकात. त्यांच्या मनात होतं ते असं, की देवासमोर उभं राहावं तशा शुद्ध मनाने मी श्रोत्यांसमोर गातो. लोकांनी अर्थ लावला, की पैसे देणारा काहीही करू शकतो. दुकानातल्या, हॉटेलातल्या माणसांवर ओरडण्याला त्यातून जणू परवानाच मिळाला. गोष्ट इतकी ताणली गेली, की तोक्यो महानगराने ग्राहकांकडून होणाऱ्या छळाविरुद्ध नियम केला. तो १ एप्रिल २०२५ पासून लागू झाला. ‘अतिथी देवो भव’ फलकावर लिहिणाऱ्या आपण सर्वांनी हे लक्षात ठेवावं. ‘इराश्शाइमासे’ म्हणजे ‘यावे’. यजमान जितक्या मानाने ते म्हणतो, तितकाच मान त्यालाही मिळायला हवा. जपानी शिकणाऱ्या मुलीला आम्ही हेही शिकवू, की नम्र शब्दांत ठामपणे ‘नाही’ कसं म्हणायचं. ‘चोत्तो...’ म्हणून वाक्य अर्धवट सोडलं, तरी समोरच्याला नकार कळतो.

शेवटी आपल्या अंगणात येऊ. नारापासून जवळच होर्यू-जी हे मंदिर आहे. तिथल्या मुख्य सभागृहात सातव्या शतकाच्या अखेरीची भित्तिचित्रं होती, आणि कलेचे अभ्यासक त्यांची तुलना अजिंठ्याशी करत आले आहेत. १९१६ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर जपानला गेले. त्यानंतर त्यांच्या निमंत्रणावरून चित्रकार अराइ काम्पो भारतात आले, आणि अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामातही त्यांचा हात होता. होर्यू-जीची चित्रं मात्र २६ जानेवारी १९४९ रोजी आगीत होरपळली. देशाला एवढा धक्का बसला, की पुढच्याच वर्षी सांस्कृतिक वारसा जपण्याचा कायदा झाला, आणि २६ जानेवारी हा तिथे वारसास्थळांच्या अग्निसुरक्षेचा दिवस म्हणून पाळला जातो.

आता कल्पना करा. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात मंद उजेडात पद्मपाणीसमोर एक जपानी आजी उभ्या आहेत. हातातलं यंत्र ‘पद्मपाणी’ हा शब्द कसाबसा उच्चारून दाखवेल. त्यांना त्यातून काही लागणार नाही. पण पद्मपाणी म्हणजे अवलोकितेश्वर, आणि अवलोकितेश्वर म्हणजे जपानचा कान्नोन, ज्याच्यापुढे त्या लहानपणापासून हात जोडत आल्या असतील. आपल्या विद्यार्थिनीला पहिल्या धड्यातलंच एक वाक्य येतं, ‘हे अमुक आहे.’ तिने हळू आवाजात एवढंच म्हणावं: ‘कोरे वा कान्नोन-सामा देसु.’ हे कान्नोन आहेत. व्याकरण पहिल्या दिवसाचं आहे. ‘कान्नोन’ हा शब्द तिथे ठेवायला मात्र इतिहास माहीत असावा लागतो. आणि नंतर थोडा वेळ गप्प राहावं. त्या आजींना आता त्यांच्या ओळखीचं कोणीतरी भेटलेलं असतं.

आज इथेच थांबू. नमस्कार.