तांब्याच्या तारा उपसल्यानंतर

सरकारच नाहीसे झाले तर दूरध्वनी कोण चालवील, हा प्रश्न आपल्याला पुस्तकी वाटतो. सोमालियात तो १९९१ सालच्या जानेवारीत प्रत्यक्ष उभा राहिला. सियाद बारे राजधानी सोडून पळाला, मोगादिशू सशस्त्र टोळ्यांच्या हाती गेले, आणि सरकारी दूरध्वनी यंत्रणा लुटली गेली. जमिनीतल्या तांब्याच्या तारासुद्धा उपसून मोडीत विकल्या गेल्या.

हा मुलूख आपल्याला अगदीच परका नाही. बर्बेराच्या जत्रेत एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानचे बनिये माल घेत असत. आणि १८८४ ते १८९८ या काळात त्या किनाऱ्याचा इंग्रजी कारभार एडनमधून, म्हणजे पर्यायाने मुंबई इलाख्यातून चाले.

लुटालुटीनंतर काही वर्षांतच तिथल्या व्यापाऱ्यांनी उपग्रहाच्या तबकड्या आणून दूरध्वनी सुरू केले. हे धाडस त्यांना कशामुळे परवडले? आमच्या मते त्याचे उत्तर हुंडीत आहे. लाखो माणसे देशोधडीला लागली होती आणि परदेशातून घरी पैसे धाडू पाहत होती. बँक मात्र एकही उरली नव्हती. लंडनच्या पेढीवर पैसे भरावेत, तिथून निरोप जावा आणि गावातल्या पेढीने ते माणसाच्या हाती ठेवावेत, ही तिथली ‘हवाला’ची रीत. ओळखपत्र नसले तर कुळ विचारून खातरी करीत. जुन्या हुंडीला कागद आणि जासूद लागे. या हुंडीला दूरध्वनी लागला. म्हणून पेढी आणि दूरध्वनी ही एकाच दुकानाची दोन दारे झाली. अरबस्तानात शेळ्यामेंढ्या पाठवणाऱ्यालाही भाव कळण्यासाठी तेच दार होते.

सोमालियात नवी जोडणी तीन दिवसांत मिळते, शेजारच्या केनियात मात्र वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते, असे जागतिक बँकेच्या २००४ सालच्या एका टिपणात नमूद आहे. आपल्याकडे अर्ज करून वाट पाहिल्याच्या आठवणी ज्येष्ठ श्रोत्यांना असतीलच! यावरून सरकार नसलेलेच बरे, असा निष्कर्षही काही पाश्चात्त्य पंडितांनी काढला. आम्हाला तो उतावळा वाटतो.

कारण ७ नोव्हेंबर २००१ रोजी काय घडले ते पाहा. ‘अल-बरकात’ ही हवाला आणि दूरध्वनी दोन्ही चालवणारी मोठी पेढी. अल-कायदाला पैसा पुरविल्याच्या संशयावरून अमेरिकेने तिची खाती गोठवली. अमेरिकेच्याच चौकशी आयोगाच्या कर्मचाऱ्यांना २००४ साली तसा पुरावा आढळला नाही. पण तोवर पेढी बुडाली होती आणि तिच्यात अडकलेल्या ठेवीदारांची बाजू जगाच्या दरबारात जोमाने मांडू शकेल असे समर्थ सरकार त्यांच्यामागे नव्हते. व्यापार मात्र थांबला नाही: २००२ साली ‘होरमुद’ उभी राहिली.

दुसरी उणीव घरातलीच. एका कंपनीचा ग्राहक दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाशी बोलू शकेना. प्रत्येकाने आपापले जाळे विणले आणि दुसऱ्याला त्यात घेतले नाही. म्हणून माणसे खिशात दोन-दोन, तीन-तीन यंत्रे बाळगू लागली. भांडवल होते, कसब होते. पण या व्यापाऱ्यांना एका पंगतीला बसवणारा कोणी नव्हता.

तरीही त्यांची करामत थोर म्हणावी लागेल. सोमालिलँडमध्ये २००९ साली ‘झाद’ ही मोबाइलवरून डॉलर देण्याघेण्याची सोय निघाली, पुढे दक्षिणेतही तशीच आली. देशातल्या चलनी नोटा जवळजवळ सर्वच बनावट, शेकडा अठ्ठ्याण्णव, असा नाणेनिधीचा अंदाज. मग माणसाने नोटेपेक्षा यंत्रावर विश्वास ठेवला तर नवल नाही. सोळा वर्षांवरील शेकडा ७३ लोक ही सोय वापरतात, असे जागतिक बँकेच्या २०१७ सालच्या पाहणीत दिसले.

पण बंदूक या साऱ्याच्या वरचढच राहिली. २०१४ सालच्या जानेवारीत अल-शबाबने आपल्या मुलखात मोबाइल इंटरनेट बंद करण्याचे फर्मान काढले, आणि कंपनीला ते मानावे लागले. जून २०१७ मध्ये एका जहाजाने समुद्रातली केबल तोडली. सुमारे तीन आठवडे दक्षिण सोमालिया जगापासून तुटला. दर दिवशी एक कोटी डॉलरचे नुकसान होते, असे तिथल्या मंत्र्यांनी सांगितले. त्याच वर्षी ऑक्टोबरात पहिला दूरसंचार कायदा झाला. बारे पळाल्याला तोवर सव्वीस वर्षे उलटून गेली होती.