मुंबई ते सिडनी : तीन आठवड्यांपासून बारा तासांपर्यंत

सुट्टीत भारतात गेलो की नातेवाइकांचा एक प्रश्न ठरलेला असतो, "विमानाला किती तास लागतात रे?" मुंबईपासून सरळ हवाई अंतर मोजले तर सिडनी साधारण १०,१५० किलोमीटर, मेलबर्न ९,८०० आणि पर्थ ७,३००. हे आकडे तेव्हाही तेच होते. बदलला तो प्रवासाचा वेळ, आणि त्याचा इतिहास मोठा रंजक आहे.

१९३०च्या दशकात हा प्रवास आगबोटीचा होता. पी. अँड ओ. कंपनीच्या 'स्ट्रॅथनेव्हर' आणि 'स्ट्रॅथएर्ड' या पांढऱ्याशुभ्र बोटी लंडनहून मुंबई, कोलंबो, फ्रीमँटल, ॲडलेड, मेलबर्न करत सिडनीला येत. मुंबईहून सुमारे तीन आठवडे लागत. १९३५ मध्ये ब्रिस्बेन ते लंडन विमानाने प्रवासी जाऊ लागले. तो प्रवास साडेबारा दिवसांचा! पण ही वाट कलकत्ता-कराचीवरून जाई, मुंबईला वगळून. कराचीला उतरलेले टपाल मुंबईला आणायचे काम जे. आर. डी. टाटांच्या विमानांनी १५ ऑक्टोबर १९३२ पासूनच सुरू केले होते.

१९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडले आणि ही वाट तुटली. तेव्हा क्वांटासने १९४३ ते १९४५ या काळात पर्थ ते सिलोन अशी 'कॅटलिना' विमाने उडवली. वाटेत थांबा नाही, शत्रूला सुगावा लागू नये म्हणून रेडिओ बंद, आणि प्रवासी जेमतेम तीन. सुमारे तीस तासांच्या या उड्डाणात सूर्योदय दोनदा दिसे, म्हणून त्याचे नावच 'डबल सनराइज' पडले.

१९५६ मध्ये एअर इंडियाची विमाने सिडनीला येऊ लागली. आठवड्यांचा प्रवास दिवसांवर आला. मग आपली माणसे लगेच येऊन स्थायिक झाली का? नाही! १९०१ च्या कायद्यापासून 'व्हाइट ऑस्ट्रेलिया' धोरण आडवे उभे होते. नको असलेल्या माणसाला अधिकारी कोणत्याही युरोपीय भाषेत पन्नास शब्दांचे श्रुतलेखन घालत आणि नापास करत. ही परीक्षा १९५८ मध्ये बंद झाली, १९६६ मध्ये नियम सैल झाले आणि १९७३ मध्ये वर्णभेदाची अट पूर्ण गेली. आपली बहुतेक मराठी कुटुंबे त्यानंतरची. म्हणजे विमान आधी आले, दार नंतर उघडले.

२०१३ मध्ये एअर इंडियाने दिल्लीहून आणि डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईहून मेलबर्नला थेट विमान सुरू केले. मुंबईहून साधारण बारा तास! पण त्याआधी मे २०२१ मध्ये, करोनाच्या लाटेत, भारतातून परतणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनाही ऑस्ट्रेलियाने काही दिवस बंदी घातली होती, मोडल्यास दंड किंवा तुरुंग. आई-वडिलांना भेटायला गेलेले तिकडेच अडकले आणि कित्येकांना शेवटचे दर्शन पडद्यावर घ्यावे लागले. बारा तासांची वाट एका आदेशाने पुन्हा अथांग झाली.

म्हणूनच आपले अंतर किलोमीटर आणि तास एवढ्यावरच ठरत नाही, परवानगीवरही ठरते. आपल्यातल्या ज्येष्ठांनी ते कोणत्या वाटेने, किती थांबे घेत, कोणत्या शिक्क्यावर इथे आले हे नातवंडांना जरूर सांगावे आणि जमल्यास लिहूनही ठेवावे.