शहाद्याचा रानपिंगळा : एक खोटी चिठ्ठी, एक खरे छायाचित्र

२५ नोव्हेंबर १९९७. शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका निष्पर्ण झाडावर सकाळच्या उन्हात एक लहानसे घुबड बसले होते. पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या अमेरिकी अभ्यासकांनी ते कॅमेऱ्यात टिपले. १८८४ नंतर, म्हणजे तब्बल ११३ वर्षे, या पक्ष्याचा एकही विश्वासार्ह पुरावा कोणाच्या हाती लागला नव्हता.

तो होता रानपिंगळा. १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडातील बसना परिसरात एफ. आर. ब्लेविट यांना तो प्रथम मिळाला. पुढच्याच वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी ब्लेविट यांचेच नाव देऊन त्याची शास्त्रीय नोंद केली. (होय, काँग्रेसच्या स्थापनेतले ह्यूम ते हेच.) पुढे जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशात आणखी नमुने मिळवले. जगभरच्या संग्रहालयांत मिळून जेमतेम सात. त्यांपैकी एक रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातला. त्याच्या चिठ्ठीवर स्थळ गुजरातेतील मांडवी आणि साल १९१४.

ही चिठ्ठी धादांत खोटी होती. रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा तो डेव्हिडसन यांचाच निघाला. ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, नवे स्थळ चिकटवलेला! या लबाडीमुळे पक्षी १९१४ पर्यंत गुजरातेत होता असा समज रूढ झाला आणि शोध भलतीकडे वळला. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्यांचे प्रयत्नही निष्फळ ठरले.

छायाचित्रानेही एकदा फसवले होते. १९६८ मध्ये नागपूरजवळ टिपलेला ‘रानपिंगळा’ प्रत्यक्षात गावोगावी दिसणारा साधा पिंगळा निघाला. दोघांत फरक थोडाच. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे, छाती तपकिरी, पोटाचा खालचा भाग व पाय शुभ्र, पंख-शेपटीवर रुंद पट्टे.

म्हणून १९९७ च्या मोहिमेने १९१४ ची नोंद बाजूला सारली आणि एकोणिसाव्या शतकातील खरी स्थळेच धुंडाळली. पूर्वेकडे काही सापडले नाही, शहाद्याला सापडले. संग्रहालयातील कातड्यांवर पाहिलेली प्रत्येक खूण जिवंत पक्ष्याशी ताडून पाहता आली, कारण रानपिंगळा दिवसाउजेडी वावरतो, उघड्या फांदीवर बसतो. बंदूक न चालवता ओळख पटली. पूर्वीच्या काळी हे शक्य नव्हते.

त्या वेळी शहादे धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. त्यानंतर तोरणमाळच्या सागवानी रानात फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी या पक्ष्याचा अभ्यास केला. पुढे मेळघाटातही तो आढळला.