संगणकाची सीडी आणि तिचे शुद्धिपत्र

जुन्या मराठी पुस्तकांच्या अखेरीस शुद्धिपत्राचे एक पान असे. अमुक पृष्ठावरील अमुक ओळीत अमुक शब्दाऐवजी तमुक शब्द वाचावा, अशी विनंती त्यात असे. आणि बहुधा पुस्तक वाचून संपल्यावरच वाचकाची नजर त्या पानाकडे जाई. आमच्या देवळातील एका जुन्या मिस्साग्रंथात दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या मी लहानपणी पाहिल्या आहेत. गोंद सुकला की चिठ्ठी गळून पडे आणि वाचणारा पुन्हा जुनाच मजकूर मोठ्याने वाची. पुस्तकाच्या बाबतीत यात फारसे बिघडत नाही. परंतु ज्या मजकुराच्या आज्ञेने एखादे यंत्र चालते, त्याचे शुद्धिपत्र असे मागाहून जोडले तर काय होते, याची एक अलीकडची हकीकत श्रोत्यांना सांगावयाची आहे.

संगणकाला कामाला लावणारी जी मूळ व्यवस्था, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. एके काळी ती सीडीवरून संगणकात उतरवीत. कारखान्यात छापली गेलेली सीडी पुन्हा बदलता येत नाही. तिच्यातील चुका मात्र लोक ती वापरू लागल्यावरच कळतात. मग कंपनी दुरुस्त्या काढते, आणि पुष्कळ दुरुस्त्या साचल्या की त्यांचे एक गाठोडे बांधते. या गाठोड्याला मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'सर्व्हिस पॅक' हे नाव दिले. १९९६ साली निघालेल्या विंडोज एनटी ४.० या व्यवस्थेला १९९९ पर्यंत असे सहा सर्व्हिस पॅक जोडावे लागले. सहाव्यातही चूक निघाली म्हणून त्याची '६-ए' अशी सुधारलेली आवृत्ती काढावी लागली, म्हणजे शुद्धिपत्राचेच शुद्धिपत्र! येथे गळून पडणाऱ्या चिठ्ठीचा प्रकार हुबेहूब घडे. सर्व्हिस पॅक चढविल्यानंतर मूळ सीडीवरून एखादा नवा भाग संगणकात घेतला की त्याबरोबर जुन्या, चुकीच्या फाइली परत येत आणि दुरुस्त फाइलींच्या जागी बसत. म्हणून प्रत्येक वेळी सर्व्हिस पॅक पुन्हा चढवा, अशी सूचना असे. शेकडो संगणक सांभाळणाऱ्या माणसांना हे किती जाचक झाले असेल, याची कल्पना करता येते.

२००० सालच्या फेब्रुवारीत विंडोज २००० बाजारात आली, तेव्हा यावर उपाय निघाला. मूळ सीडीची नक्कल संगणकातील एका कप्प्यात उतरवून घ्यावयाची आणि सर्व्हिस पॅकला आज्ञा द्यावयाची की, तुझ्या दुरुस्त्या या चालू संगणकावर नव्हे, तर त्या नकलेवर कर. जुन्या फाइली जात, नव्या त्यांच्या जागी बसत, आणि त्या नकलेवरून जो संगणक उभा राही तो पहिल्या क्षणापासूनच दुरुस्त असे. शुद्धिपत्र शेवटी न जोडता खिळेच नव्याने जुळवून सुधारलेली आवृत्ती छापावी, तसा हा प्रकार. इंग्रजीत याला 'स्लिपस्ट्रीम' म्हणू लागले. वेगाने जाणाऱ्या वाहनाच्या मागे हवेचा जो ओढा निर्माण होतो त्याचे हे नाव. त्या ओढ्यात शिरलेली वस्तू अलगद बरोबर ओढली जाते.

तथापि ही युक्ती दोन-तीन वर्षे मोठ्या कचेऱ्यांपुरतीच राहिली. सामान्य माणसाला तिची गरज का भासली, याचे उत्तर २००३ च्या ऑगस्ट महिन्यात आहे.

विंडोज एक्सपी ही व्यवस्था २५ ऑक्टोबर २००१ रोजी विक्रीस आली. तिच्यात बाहेरच्या जाळ्यावरून येणारा मजकूर अडविणारी भिंत, म्हणजे फायरवॉल, होती. परंतु ती मुळात बंद ठेवलेली होती. १६ जुलै २००३ रोजी कंपनीने एका गंभीर छिद्रावरील दुरुस्ती प्रसिद्ध केली. त्यानंतर सव्वीस दिवसांनी, ११ ऑगस्ट रोजी, त्याच छिद्रातून शिरणारा 'ब्लास्टर' नावाचा कृमी जगभर पसरू लागला. त्याला ना टपाल उघडावे लागे, ना कोणी कळ दाबावी लागे. संगणक जाळ्याला जोडलेला असणे एवढेच त्याला पुरे होते.

मी त्या वेळी नुकताच शिक्षकीत शिरलो होतो. शाळेत जे पाच-सहा संगणक होते त्यांवर एक्सपीची जुनी सीडी चढविण्याचे काम, तरुण म्हणून, माझ्याकडे आले. पहिला संगणक तयार केला, दूरध्वनीची तार मोडेमला लावली, दुरुस्त्या उतरवून घेण्यास आरंभ केला, आणि थोड्याच वेळात पडद्यावर चौकट उमटली की, साठ सेकंदांत संगणक बंद होणार आहे. सेकंद उलटे मोजले जात होते. बंद झाला, पुन्हा सुरू केला, पुन्हा चौकट. तो दिवस मी त्या एका संगणकापाशी घालविला, आणि अपराध माझाच आहे अशी माझी समजूत झाली होती.

अपराध कोणाचा होता ते पुढे ध्यानात आले. औषध जाळ्यावर होते. औषध आणावयास जाळ्यावर जावे तर वाटेतच रोग गाठी. सीडी २००१ सालची, म्हणून तिच्यावरून उभा राहिलेला प्रत्येक नवा संगणक २००१ सालच्या सगळ्या व्यंगांसह जन्मास येई. अमेरिकेतील सॅन्स या संस्थेचे एक केंद्र, असा असुरक्षित संगणक जाळ्यावर सरासरी किती वेळ तग धरतो, याची मोजणी करीत असे. २००४ साली तो काळ सुमारे वीस मिनिटांवर आला होता. आणि आमच्याकडील दूरध्वनीच्या तारेवरून तर लहानशी दुरुस्ती उतरावयालाही वीस मिनिटे अपुरी पडत.

कंपनीलाही हे कळत होतेच. २००४ च्या फेब्रुवारीत तिने दुरुस्त्यांची एक सीडी काढली व मागेल त्याला फुकट पाठविली. पण त्या सीडीवर ऑक्टोबर २००३ पर्यंतच्याच दुरुस्त्या होत्या. १३ एप्रिल २००४ रोजी आणखी एका छिद्राची दुरुस्ती निघाली आणि महिना संपता संपता 'सॅसर' हा दुसरा कृमी त्या छिद्रातून शिरला. त्या ऑगस्टात एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला. त्याने भिंत आपण होऊन उभी राहील अशी व्यवस्था केली. परंतु हे गाठोडे सुमारे २६६ मेगाबाइटांचे होते. ५६ किलोबिटांचा मोडेम पूर्ण वेगाने चालला (तो तसा कधीच चालत नसे) तरी ते उतरावयाला दहा तासांहून अधिक लागावेत. आमच्यासारख्यांच्या हाती ते पडले ते संगणकविषयक इंग्रजी मासिकाबरोबर फुकट मिळणाऱ्या सीडीतून. ती सीडी शिक्षकांच्या खोलीत हातोहात फिरत असे.

आता मूळ सीडी जवळ होती आणि शुद्धिपत्रही जवळ होते. दोन्ही एकत्र करण्याची आज्ञा एका ओळीची. मूळ सीडीवर 'आय-३८६' नावाचा एक कप्पा असे व त्यात हजारो फाइली दाबून, घडी घालून ठेवलेल्या असत. सर्व्हिस पॅक त्यांतील जुन्या काढून नव्या घाली आणि फाइलींच्या याद्याही सुधारी. दोन्हींची बेरीज होत नसून बदली होत असल्यामुळे सातशे मेगाबाइटांच्या कोऱ्या सीडीवर सारे मावत असे. येथवर सोपे होते. फजिती पुढे होई. तो कप्पा नव्या सीडीवर नीट लिहावा, सीडी संगणकात घालावी, आणि संगणकाने तिच्याकडे ढुंकूनही पाहू नये!

याचे कारण मोठे मनोरंजक आहे. सीडीवरून संगणक सुरू कसा व्हावा याचा नियम १९९५ च्या जानेवारीत फीनिक्स व आयबीएम या कंपन्यांनी ठरविला. त्याचे नाव 'एल् तोरितो'; कॅलिफोर्नियातील त्या नावाच्या उपाहारगृहावरून ते पडले, असे सांगतात. सीडी ही २०४८ बाइटांच्या खणांत विभागलेली असते. शून्यापासून मोजता सतराव्या खणात एक नोंद असते, आणि आरंभीची आज्ञा कोठे आहे ते ती नोंद सांगते. ती आज्ञा एक्सपीच्या सीडीवर एवढ्या एकाच खणात मावत असे. पण ती फाइल म्हणून कोणाला दिसत नसे. आपण सीडी उघडून दिसतील तेवढ्या सगळ्या फाइली उचलल्या, तरी जिच्यामुळे सीडी जागी होते ती गोष्ट मागेच राही. म्हणून तो एक खण वेगळ्या साधनाने मूळ सीडीतून काढून घ्यावा लागे व नवी सीडी लिहिताना त्याच्या जागी बसवावा लागे. याखेरीज सीडीच्या दर्शनी भागी ओळखपत्रासारख्या काही चिमुकल्या फाइली असत. त्या राहून गेल्या तर प्रतिष्ठापना अर्ध्यात थांबून 'सीडी घाला' असे विचारी, आणि सीडी तर आत असे. मी कोऱ्या सीडी किती वाया घालविल्या ते सांगत नाही.

पुढे या कामासाठी 'एनलाइट' नावाचे एक सोयीचे साधन निघाले. ते डिनो नुहागिच या क्रोएशियन प्रोग्रॅमरने तयार केले. दुसऱ्या व तिसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये २००४ ते २००८ असा दीर्घ काळ गेला. दुरुस्त्या मात्र ऑक्टोबर २००३ पासून दरमहा ठरलेल्या मंगळवारी निघत होत्या. तेव्हा निरनिराळ्या देशांतील हौशी मंडळींनी त्या गोळा करून सीडीत घालण्याचे काम आपण होऊन चालविले. नव्या प्रकारच्या हार्ड डिस्कची ओळख एक्सपीच्या सीडीला नव्हती, तीही लोक याच रीतीने घालून देत. काही उत्साही लोक तर नको वाटणारे भाग कापून टाकू लागले. सुधारणेचा हात कात्रीकडे वळला की काय होते ते येथेही झाले. कापलेल्या भागाची गरज पुढील एखाद्या दुरुस्तीला लागे आणि ती दुरुस्ती बसेनाशी होई.

येथे एक गंभीर प्रश्न उभा राहिला. मूळ सीडीच्या मजकुराचा एक अंकी ठसा गणिताने काढता येतो. एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो, त्यामुळे आपली प्रत अस्सल आहे की नाही हे ताडून पाहता येते. पण आपण दुरुस्त्या घातलेल्या सीडीचा ठसा मुळाशी जुळणारच नाही. मग तिच्यात केवळ दुरुस्त्याच आहेत, दुसऱ्याने हळूच आणखी काही घातलेले नाही, हे कशावरून? आपण स्वतः केलेल्या सीडीचा प्रश्न नाही. परंतु बाजारात 'सर्व दुरुस्त्यांसह' अशी चिठ्ठी लावलेल्या चोरट्या सीडी स्वस्तात मिळत, आणि लोक त्या विश्वासाने घेत. २००७ च्या ऑगस्टात मायक्रोसॉफ्टने 'ऑटोपॅचर' या लोकप्रिय उपक्रमाला आपल्या दुरुस्त्यांचे परस्पर वाटप थांबविण्यास सांगितले. हौशी मंडळी नाराज झाली, आणि मीही त्यांत होतो. आज मात्र मला कंपनीचे म्हणणे अगदीच चुकीचे वाटत नाही. मूळ कर्त्याखेरीज इतरांनी पाठदुरुस्ती वाटू लागले की अस्सल पाठ कोणता, हे सांगणे अवघड होते. ऑटोपॅचरने पुढे स्वतः दुरुस्त्या न वाटता त्या कंपनीकडूनच आणून देणारे साधन काढले. हा तोडगा शहाणपणाचा होता.

डेबियन या लिनक्सच्या मंडळींना हा वाद फारसा भोगावा लागला नाही. त्यांचा मजकूर सर्वांना मोकळा. आणि ठराविक काळाने त्या वेळेपर्यंतच्या दुरुस्त्या घालून नवी प्रतिमा ते स्वतःच काढतात व तिचा ठसाही प्रसिद्ध करतात. मायक्रोसॉफ्टकडे मात्र विंडोज ७ चा एकमेव सर्व्हिस पॅक २०११ साली निघाल्यावर थेट मे २०१६ मध्ये पाच वर्षांच्या दुरुस्त्यांचे गाठोडे आले. ते मूळ प्रतिमेत घालता येत असे. एक्सपीचा आधार त्याआधीच, ८ एप्रिल २०१४ रोजी, संपला होता.

आता सीडी गेली. तिच्या जागी बोटभर लांबीची यूएसबी आली. दुरुस्त्यांसह प्रतिमा तयार करण्याचे काम मात्र चालूच आहे. २०२४ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टने कळविले की, विंडोज ११ च्या त्या वर्षीच्या आवृत्तीत ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरच्या दुरुस्त्या आधीच घालून जे प्रतिष्ठापनेचे साहित्य तयार केले गेले, त्यावरून उभे राहिलेले काही संगणक पुढच्या दुरुस्त्या स्वीकारीनासे होतात. उपाय म्हणून सांगितले गेले ते असे : १० डिसेंबरची दुरुस्ती घालून नवी प्रत करावी आणि तिच्यावरून संगणक पुन्हा उभा करावा.