काकांचं जाकीट

बरेच दिवसांत काही लिहिणं झालं नाही. कारण घरचंच. काकांच्या जुन्या घराची आवराआवर चालू होती आणि माळ्यावरच्या ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांखाली, त्यांचं काळं चामड्याचं जाकीट सापडलं. १९७२ साली धारावीत शिवून घेतलेलं. आजी त्याला 'रेड्याचं कातडं' म्हणायची आणि देवघराच्या आसपास फिरकू द्यायची नाही.

रद्दीवाल्याकडे मिळालेल्या एका इंग्रजी मासिकातला मार्लन ब्रँडोचा फोटो काकांनी कारागिराला दाखवला होता. 'हे असंच पायजे.' मग तिरकी चेन, कॉलरच्या टोकांना टिचबटणं, कमरेला पट्टा, मनगटालाही चेन, सगळं आलं. पुण्याच्या हवेत हे वर्षातून फार तर दोन महिने घालता यायचं. काका आठ महिने घालायचे!

मला हे सगळं नुसती स्टाईल वाटायचं. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं, की यातलं जवळजवळ काहीही शोभेसाठी नव्हतं.

हे जाकीट मूळचं न्यूयॉर्कचं. रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातले आयर्विंग आणि जॅक शॉट हे भाऊ १९१३ पासून रेनकोट शिवून दारोदार विकत. १९२८ साली आयर्विंगने मोटरसायकलवाल्यांसाठी चेनचं चामडी जाकीट बनवलं आणि आपल्या आवडत्या सिगारवरून त्याचं नाव ठेवलं 'परफेक्टो'. किंमत साडेपाच डॉलर, आणि विक्री हार्ले-डेव्हिडसनच्या एका विक्रेत्याकडे. तोवर जाकिटांना बटणं असत आणि बटणांच्या फटीतून वारा छातीत शिरे.

चेन तिरकी का? तर टाकीवर ओणवं झालं की सरळ चेनचा फुगा होऊन ती हनुवटीखाली टोचते. तिरक्या चेनमुळे एक बाजू दुसरीवर भरपूर चढते आणि वारा अडतो. कॉलरला टिचबटणं, कारण वेगात कॉलर फडफडून गालावर चापट्या मारते. मनगटाची चेन बाहीतून वारा वर चढू नये म्हणून. आणि चामडं कशाला, हे रस्त्यावर एकदा घसरलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. सुती शर्ट डांबरावर बघता बघता फाटतो, मग पाळी आपल्या कातड्याची. त्या काळी तर ही जाकिटं घोड्याच्या कातड्याची असत, गाईच्या कातड्याहून दाट विणीची.

बूट तसेच. बिनलेसचे, उंच, पट्टा-बकलाचे, कारण सुटलेली लेस साखळीत गेली की संपलंच. गॉगल आणि कानटोपी वैमानिकांसारखीच. आधीची विमानं उघडी असत, तेव्हा वारा दोघांनाही सारखाच.

इंग्लंडात पंचाईत पावसाची. तिथे चामड्याबरोबर मेणकापड चाललं, म्हणजे शिडाच्या कापडाला तेल नि मेण चोपडायची खलाशांची जुनी युक्ती. बार्बर कंपनीने १९३६ साली इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल या शर्यतीसाठी असा पोशाख काढला, बेलस्टाफने १९४८ साली ट्रायलमास्टर. बार्बरच्या जाकिटाचा छातीवरचा खिसा तिरका असतो, गाडीवर बसल्या बसल्या नकाशा काढता यावा म्हणून. १९६४ साली पूर्व जर्मनीतल्या त्याच शर्यतीत अमेरिकन संघातून स्टीव्ह मॅक्क्वीन उतरला तो बार्बर घालूनच. तेव्हापासून हे जाकीट मोटरसायकल नसलेले लोकही घेतात. असो.

मग ही कामाची वस्तू बदनाम कशी झाली? जुलै १९४७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर या गावी मोटरसायकलवाल्यांचा मेळावा भरला, दारू पिऊन थोडा धिंगाणा झाला, आणि 'लाइफ' मासिकाने बाटल्यांच्या ढिगात गाडीवर बसलेल्या एका झिंगलेल्या माणसाचा फोटो छापला. त्यावर कथा आली, कथेवरून १९५३ चा 'द वाइल्ड वन'. ब्रँडोच्या अंगात ते जाकीट, खाली जीन्स नि बूट, बुडाखाली ट्रायम्फ थंडरबर्ड. ब्रिटिश सेन्सॉरने तर १९६७ पर्यंत हा सिनेमा पास केला नाही. न पाहताच लंडनची पोरं तसा पोशाख करू लागली. एस कॅफेवर जमायचं, गळ्याला पांढरा स्कार्फ, नि शंभर मैलांचा वेग गाठायचा. हेच ते रॉकर्स. १९६४ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर स्कूटरवाल्या मॉड्सशी त्यांच्या मारामाऱ्या झाल्या तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांना विषय मिळाला.

मंडळी, आता त्या सिनेमातल्या ब्रँडोच्या डोक्याकडे बघा. तिरकी टोपी! वाऱ्यापावसाचा, घसरण्याचा एवढा बारीक विचार केलेल्या पोशाखात डोकं मात्र उघडं.

हेल्मेट नव्हतंच असं नाही. एरिक गार्डनर नावाच्या डॉक्टरने ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर फुटलेली डोकी पाहून कॅनव्हास आणि लाखेचं हेल्मेट बनवलं होतं, आणि १९१४ च्या आइल ऑफ मॅन टीटी शर्यतीत ते सक्तीचंही झालं. पण ते शर्यतीपुरतं. रोजच्या रस्त्यावर कोण घालतो?

मे १९३५ मध्ये टी. ई. लॉरेन्स, म्हणजे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया', दोन सायकलवरच्या मुलांना वाचवताना आपल्या ब्रफ सुपीरियरवरून उडाला. डोकं उघडं. सहा दिवसांनी गेला. उपचार करणाऱ्यांत ह्यू कॅर्न्स हे मेंदूचे सर्जन होते. त्यांनी हा विषय सोडला नाही. १९४१ साली त्यांचा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला: युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत २,२७९ मोटरसायकलस्वार आणि मागे बसणारे रस्त्यावर मेले होते. हेल्मेट घातलेले जखमी त्यांना अवघे सात सापडले, सातही वाचलेले. त्याच वर्षी लष्कराने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सामान्य ब्रिटिश माणसाला मात्र १९७३ उजाडावं लागलं. आपल्याकडे १९८८ च्या कायद्यात कलम १२९ आलं, आणि पुण्यात २०१९ सालीही हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघत होते. केस गळतात, मान दुखते, ऐकू येत नाही. मीही ही कारणं दिलेली आहेत, खोटं कशाला बोला.

काका १९७५ च्या मार्चमध्ये शिरवळच्या अलीकडे वाळूवर घसरले. जावा गाडी होती, वेगही फार नव्हता. अंगात हेच जाकीट. उजव्या कोपराला चामडं खरवडलंय, बस तेवढंच, आतला हात शाबूत. डोकं मैलाच्या दगडाला लागलं. अकरा दिवस शुद्ध नव्हती. नंतर नोकरी केली, लग्न झालं, सगळं झालं. पण त्या दिवसापासून काकांना वास येत नाही. कशाचाच नाही. काकूने फोडणी करपवली तरी ते शांतपणे पेपर वाचत असतात. घरात आम्ही यावर कितीतरी वर्षं विनोद करत आलो.

जाकीट काढून मी त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी कोपरावरचा खरवडा अंगठ्याने चाचपला, मग नाकाशी धरलं.

"अजून येतो का रे चामड्याचा वास?"

"येतो ना काका. डांबराच्या गोळ्यांचापण येतो."

"गोळ्यांचा जाईल," म्हणाले. "उन्हात नको टाकूस, तडकेल. सावलीत टांग."

गॅलरीत टांगलंय. आमच्या चिरंजीवांनी कालच अंगात घालून पाहिलं, खांद्यात नीट बसतं. हेल्मेटची पावती दाखव, मग ने, असं सांगितलंय.